तेवीस टीपकागद

या माणसाबद्दल माझी तक्रार आहे. आजवर ती मला कुणापुढे नीट मांडता आलेली नाही. मांडायला लागलो की ऐकणारा हसायला लागतो आणि शेवटी त्यांच्याच बाजूचा होतो. माझी बायको तर पहिल्या दिवसापासूनच त्यांच्या बाजूची. म्हणून आता लिहूनच काढतो. कागदाला मध्येच हसता येत नाही.

तक्रार अशी. माझ्या खोलीत भाड्याने राहून, माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून, माझ्या माठातलं पाणी पिऊन हा माणूस माझ्याच गिऱ्हाइकांना सांगायचा की इतक्यात तेल बदलू नका. आणि माझा धंदा काय, तर इंजिन ऑइल विकण्याचा.

दुकान नागपूरला, वाडी नाक्याच्या थोडं पुढे, अमरावती रोडवर. आजूबाजूला ट्रान्सपोर्टची गोदामं, पंक्चरवाले, ढाबे आणि दिवसभर ट्रकांची ये-जा. माझे वडील दुसऱ्याच्या तेलघाण्यावर राबले. मी सायकलला दोन डबे बांधून ट्रकवाल्यांना सुटं तेल विकायला लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. डब्यांची टपरी झाली, टपरीचं दुकान झालं, दुकानामागे तीन खोल्या झाल्या. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. विटा, पत्रे, लाकूड, गवंडी, एकेक गोष्ट घासाघीस करून घेतली. मला भाव करण्यातच सुख आहे. समोरचा शंभर म्हणतो, मी चाळीस म्हणतो, तो रागावतो, मी त्याच्याहून जास्त रागावतो, तो उठून चालायला लागतो, मी हाक मारतो आणि घामाघूम होऊन दोघंही सत्तरावर येतो. मग चहा. याला मी व्यवहार म्हणतो.

मास्तर खोली पाहायला आले ते सायकलवरून. बहात्तर साल असावं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कुठे डाग नाही. सायकलच्या मागे एक ट्रंक आणि एक वळकटी. मी भाडं तीस सांगितलं. पंचवीसला द्यायची असं मनात ठरवूनच तीस सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं."

मी थांबलो. वाटलं, पुढे काहीतरी बोलतील. ते ट्रंकेची दोरी सोडायला लागले. मग मीच म्हणालो की पाणी बाहेरून आणावं लागतं. म्हणाले, आणीन. मी म्हणालो, वर पत्रे आहेत, उन्हाळ्यात तापतात. तर म्हणाले, "नागपुरात काय नाही तापत, भाऊ?" आणि वळकटी आत घेऊन गेले.

मला आठवडाभर चैन पडलं नाही. पाच रुपये जास्त मिळूनही आपण कुठेतरी फसलो असं वाटत राहिलं. पुढे दोन-तीनदा मी भाडं वाढवलं, भांडणाची तयारी करून वाढवलं, तेव्हाही ते "बरं"च म्हणाले. अकरा वर्षांत या माणसाने मला एकदाही भाव करू दिला नाही. हीसुद्धा तक्रारीतच धरा.

मास्तर हे नाव ट्रकवाल्यांनी ठेवलेलं. कायम हातात शाई टिपायचा टीपकागद, म्हणून. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात त्यांची वीस वर्षं गेली आणि त्या वीस वर्षांत त्यांचं काम एकच होतं. यंत्रांमधलं तेल तपासायचं आणि ते कधी बदलायचं ते सांगायचं. तिथे तेल बदलायचं म्हणजे पिंपंच्या पिंपं काढून टाकायची. लवकर बदललं तर साहेब ओरडणार, उशिरा बदललं तर यंत्र ओरडणार. बायको आधीच गेली होती. मुलगी लग्न होऊन खापरखेड्यालाच राहत होती. तिच्या घरात जागा कमी, म्हणून हे वाडीला आले. नोकरी संपली तरी सवय संपली नाही. ओट्यावर बसलं की समोर वीस-पंचवीस ट्रक उभे दिसायचे आणि प्रत्येकाच्या पोटात तेल. तो माणूस गप्प बसणार कसा?

त्यांची पद्धत अशी होती. ड्रायव्हरने इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून आणायची. मास्तर आधी बोटाच्या टोकावर थोडं तेल घेऊन अंगठ्याने चोळायचे, तेही कानाशी नेऊन. कचकच ऐकू येते का ते पाहायचे. मग प्रश्न सुरू. दिवसातून किती वेळा गाडी बंद करता, ढाब्यावर जेवताना चालू ठेवता काय, माल काय भरता, घाटात कितव्या गिअरवर चढता. ड्रायव्हर डॉक्टरपुढे बसल्यासारखे खरं बोलायचे. मग पट्टीच्या टोकाचा एकच थेंब टीपकागदाच्या तुकड्यावर पाडायचा, कोपऱ्यात गाडीचा नंबर मराठी आकड्यांत लिहायचा, कागद ओट्यावरच्या फळीवर आडवा ठेवायचा आणि वर पिठाची जुनी चाळणी पालथी घालायची. धूळ पडू नये, मांजराने पाय देऊ नये. आणि शेवटी एकच वाक्य, "उद्या या."

आज काहून नाही, असं नवा ड्रायव्हर विचारायचाच. मास्तर सांगायचे, "ताजा थेंब सगळ्यांचाच काळा दिसते गा. रातभर पसरू दे त्याले. मग सांगते तो."

सकाळी चाळणी उचलली की खरोखरच थेंबाचं रूप पालटलेलं असायचं. मधे काळं बुबुळ, भोवती करडं कडं, त्याच्या बाहेर पिवळट कडं. काजळी किती साठली, डिझेल किती मिसळलं, पाणी शिरलं का, हे ते त्या कड्यांवरून वाचायचे. मग "बदला" नाहीतर "अजून हजार चालू द्या". बहुतेक वेळा दुसरंच.

फी म्हणून ते पैसे घेत नसत. चहासुद्धा नाही. एका गाडीला एक कोरा टीपकागद, झालं. त्याचे ते चार तुकडे करायचे. मला वाटलं, एक तुकडा वापरतो आणि तीन खिशात घालतो, चांगला नफा आहे. तसंही नव्हतं. उरलेले तीन त्याच गाडीच्या नावाने ट्रंकेत जपून ठेवायचे.

माझ्या दुकानात तेल कंपनीने दिलेलं कार्ड टांगलेलं होतं. दर पाच हजार किलोमीटरला तेल बदला, असं त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं. माझा सगळा धंदा त्या एका ओळीवर उभा होता. एकदा मी ते कार्ड खिळ्यावरून काढून त्यांच्यापुढे नेऊन धरलं आणि आवाज चढवून विचारलं की ज्यांनी तेल बनवलं ते शहाणे की तुम्ही. त्यांनी कार्ड वाचलं, मागची बाजूही वाचली आणि मला परत दिलं.

"छापलेलं आहे म्हणून खरं मानाचं, हे मी छप्पन सालीच सोडलं, भाऊ," ते म्हणाले.

छप्पन साली ते म्हाताऱ्या आईला हाताला धरून बौद्ध दीक्षेच्या मैदानात उभे होते, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या खोलीत त्या दिवसाची तसबीर होती. कार्ड पुन्हा खिळ्याला लावलं. मग त्यांनीच मला शांतपणे समजावलं. समोर दोन ट्रक उभे होते, एकाच वर्षीचे. एक रायपूरच्या रस्त्याला लागला की सहा-सहा तास थांबत नाही. दुसरा खापरखेड्याहून राख भरतो, दर दोन किलोमीटरला थांबतो आणि दिवसभर ती राख नाकातोंडात घेतो. "दोघांचेही पाच हजारच झाले. म्हणून दोघांची तब्येत सारखी काय? घरातल्या सगळ्यांले एकाच टायमाले भूक लागते काय?"

हे त्यांचं सगळ्याच बाबतीत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचे नाहीत. केस महिन्याला नाही, कानावर आले की कापायचे. ताप आला तेव्हा डॉक्टरने दिवसातून तीनदा घ्या म्हणून सांगितलेल्या गोळ्यांवरून डॉक्टरशीच वाद घातला. तीनदाच काहून, असं विचारलं. त्या एका बाबतीत मला डॉक्टरची फार दया आली.

बायको तर पार त्यांच्या नादी लागली. दिवाळीत चकल्या तळल्या, तेल उरलं. ते पुन्हा वापरावं की टाकावं म्हणून ती वाटीत थेंबभर तेल आणि मुलाच्या दप्तरातला टीपकागद घेऊन ओट्यावर गेली. मास्तरांनी तोही चाळणीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, भाजीला चालेल, पुन्हा तळायला नको. मी तिच्यावर ओरडलो. घरात मी तेलाचा व्यापारी बसलेलो असताना तू भाडेकरूला विचारतेस?

ती म्हणाली, "तुमाले विचारलं असतं तर तुम्ही नवा डबा घ्याले लावला असता."

आता मुख्य गोष्ट. नाक्यावर एका शेठजींचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता, बारा ट्रक. प्रत्येक ट्रकला पाच हजार झाले की तो माझ्या दारात. माझी निम्मी विक्री त्या एका माणसावर चालायची. एका सकाळी शेठजी स्वतः आले, सोबत त्यांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याच्या ट्रकचे पाच हजार त्या दिवशीच झाले होते. शेठजी माझ्याशी न बोलता सरळ ओट्याकडे वळले. मास्तरांना म्हणाले की एवढा एक ट्रक तुमच्या शब्दावर चालवून पाहतो. उद्या तुम्ही बदला म्हणाल तर बदलू आणि आमचं जुनंच बरोबर असं समजू. नको म्हणाल तर पुढे बाराही ट्रक तुमच्या थेंबावर.

म्हणजे माझी निम्मी विक्री उद्या सकाळी त्या चाळणीखालून निघणार होती.

थेंब पडला, नंबर लिहिला गेला, चाळणी पालथी झाली. तो मास्तरांचा पेन्शनचा दिवस. ते सायकल काढून गेले. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. ओटा रिकामा.

मी मापात कधी मारलेलं नाही. तेलात तेल मिसळलेलं नाही. भांडून घेतलं, पण चोरून घेतलं नाही. हे आधी सांगतो, कारण त्या दुपारी मी जे केलं ते पुढे सांगणार आहे. ओट्याशेजारी कडुलिंबाखाली माझी ॲम्बॅसिडर उभी असायची. त्याच्या दोन वर्षं आधी एका कोळशाच्या कंत्राटदाराकडून घेतलेली, चार महिने भाव करून. ती मी सीताबर्डीपर्यंत न्यायचो आणि आणायचो. आणि तिच्यात तेल शेवटचं कधी बदललं, ते मला आठवत नव्हतं. साऱ्या वाडीला पाच हजारावर बदला म्हणून सांगणारा मी, पण विकायचा माल स्वतःच्या इंजिनात ओतायला माझा हात व्हायचा नाही.

म्हटलं, याच्याहून वाईट तेल आता नागपुरात कुठे शोधायचं? बॉनेट उघडलं, पट्टी काढली. मास्तरांच्या फळीवर राहिलेला एक कोरा तुकडा घेतला, त्यावर थेंब पाडला, कोपऱ्यात त्यांच्यासारख्याच आकड्यांत ट्रकचा नंबर लिहिला. दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. दोन्ही थेंब सारखेच काळे. खरा कागद चुलीत गेला, माझा चाळणीखाली गेला. जेवताना बायकोने विचारलं की आज भाजीला नाव काहून नाही ठेवत. मी म्हणालो, चांगली झाली आहे.

ताजा थेंब सगळ्यांचाच काळा दिसतो, हे वाक्य मी तोपर्यंत शंभरदा ऐकलं असेल. इतकी वर्षं तेल विकत होतो, पण ते रातभर पसरताना एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी आले, ड्रायव्हर आला, आणखी चार-पाच जण तमाशा पाहायला जमले. मी दुकानात मापं पुसत उभा होतो, कान ओट्याकडे. मास्तरांनी चाळणी उचलली. कागद हातात घेतला. उन्हात धरला. मग खिशातला दुसरा चष्मा काढून पहिल्यावरच लावला, तो ते क्वचित लावायचे. मी दुकानातून मान लांब करून पाहिलं. काल काळाकुट्ट असलेला थेंब आता तपकिरी दिसत होता. भोवती मोठं पिवळं कडं. आणि कड्याची किनार गोल नव्हती, करवतीसारखी दातेरी होती. असा थेंब त्या ओट्यावर कुणी पाहिलेला नव्हता.

"काय म्हणते मग?" शेठजींनी विचारलं.

मास्तरांनी कागद खाली ठेवला. "शेठजी, माझी चूक झाली. हा तुमच्या ट्रकचा नाही. दुसऱ्याच गाडीच्या कागदावर तुमचा नंबर टाकला मी."

ड्रायव्हर हसला. शेठजी हसले नाहीत. म्हणाले, "वा मास्तर. बारा गाड्या तुमच्या भरोशावर सोडून राहिलो होतो मी. पहिल्याच गाडीले ही तऱ्हा?"

मास्तर ऐकून घेत उभे राहिले. ज्या माणसाने वीस वर्षांत एका यंत्राचा नमुना दुसऱ्याच्या बाटलीत जाऊ दिला नव्हता, तो पाच-सहा ट्रकवाल्यांपुढे मान खाली घालून उभा होता. एकदाही त्यांनी दुकानाकडे पाहिलं नाही. म्हणाले, "आज दुसरा थेंब देजा. उद्या सांगतो."

शेठजी जायला निघाले, तेव्हा मास्तर पुन्हा बोलले. कागदाकडे पाहत, कुणालाच उद्देशून नाही असं.

"ज्याचा कोणाचा हा थेंब आहे, त्याच्यासाठी सांगून ठेवतो. पेट्रोलची गाडी आहे. जवळच्या जवळ फिरते. दारात चालू ठेवून मालक कोणाशी तरी भांडत राहते. इंजिनच्या हेडमधून तेलात पाणी उतरून राहिलं. दूर नेऊ नका तिले. रस्त्यात इंजिन जाम होईन."

रविवारी मी बायको-मुलांना आणि सासूला घेऊन गाडीने अमरावतीला निघणार होतो, भाचीच्या लग्नाला. तिथे माझे एक मेहुणे आहेत. मी सायकलवर डबे वाहायचो तेव्हा त्यांनी मला घराच्या मागच्या दाराने यायला सांगितलं होतं. मांडवाच्या पुढच्या दाराशी गाडीतून उतरायचं, एवढ्यासाठी मी ती गाडी घेतली होती.

त्या सकाळी मी पहिल्या आलेल्या गिऱ्हाइकावर विनाकारण इतका ओरडलो की तो तेल न घेताच गेला. दुपारी गाडी हळूहळू नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने हेड उघडलं, गॅस्केट फाटलेलं दाखवलं, तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं. म्हणाला, देवाने वाचवलं. अमरावतीला आम्ही एसटीने गेलो. मेहुण्यांनी विचारलं, गाडी घेतली म्हणे? सासू म्हणाली, "घेतली नं. तिले बरं नाही."

इकडे शेठजींच्या ट्रकचा दुसरा थेंब निघाला तो स्वच्छ, गोल. मास्तर म्हणाले, अजून दीड हजार. चालला ट्रक दीड हजार, पुढे आणखी चालला. शेठजींनी बाराही गाड्या थेंबावर घेतल्या. माझ्याकडे ते येत राहिले, पण पूर्वीसारखे नाही. हे नुकसान मी सोसलं. सोसलं नाही ते दुसरंच. त्यानंतर किती वर्षं, मास्तरांनी काही सांगितलं की शेठजी डोळे मिचकावून विचारायचे, "पक्कं नं, मास्तर? कागद तर नाही चुकला?" आजूबाजूचे हसायचे. मास्तर म्हणायचे, "नाही शेठजी, आता जपतो."

दर वेळी मी दहा हातांच्या अंतरावर उभा असायचो. दर वेळी मला वाटायचं की आता हा माणूस माझ्याकडे पाहील, निदान एक भुवई उचलेल. मग मी ओरडलो असतो, भांडलो असतो, खोली खाली करा म्हणालो असतो, काहीतरी झालं असतं. एकदा तर मी तेवढ्यासाठीच दुसरंच कारण काढून म्हणालो की मास्तर, मला खोली लागणार आहे. ते म्हणाले, "बरं. कधी?" मी म्हणालो, पाहू. आत जाऊन माठातलं पाणी प्यायलो.

बायकोला मी ती गोष्ट कधी सांगितली नाही. पण ती त्याच आठवड्यापासून मास्तरांना रोज भाजी द्यायला लागली, आणि ती पाठवताना माझ्याकडे अशी पाहायची की मी विचारलंच नाही काहून वं म्हणून.

त्र्याऐंशी साली मुलीने मोठी जागा घेतली आणि ती मास्तरांना न्यायला तयार झाली. जायच्या दिवशी तीच सायकल, तीच ट्रंक, तीच वळकटी, सदरा तसाच पांढरा. किल्ली द्यायला दुकानात आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी विचारलं.

"मास्तर, त्या दिवशीचा थेंब कोणाचा होता, तुमाले माहीत होतं नं?"

"तुमच्या गाडीचा," ते म्हणाले. जसं काही मी किती वाजले ते विचारलं होतं. "आवाज तर मी सहा महिन्यांपासून ऐकून राहिलो होतो. रोज सकाळी तुम्ही बादलीभर पाणी टाकत होते तिच्या रेडिएटरात. ते पाणी जाते कुठी, हे एकदा तरी विचारा नं."

सहा महिने. "सहा महिन्यांपासून माहीत होतं, तर सांगितलं काहून नाही?"

"थेंब आणल्याशिवाय मी कोणालेच सांगत नाही, भाऊ. छापलेल्या कार्डावर बोलत नाही, तसा नुसत्या आवाजावरही बोलत नाही. मी वाटच पाहून राहिलो होतो का भाऊ कधी थेंब घेऊन येतात. मग आणला तुम्ही. आणला तवा सांगितलं."

आयुष्यात एकदा चोरी केली, तर या माणसाने ती आपल्याकडे आलेला पेशंट म्हणून नोंदवून घेतली होती. खरंच तसं समजत होते की माझी लाज राखायला म्हणत होते, ते त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. ताजा थेंब आणि मास्तरांचा चेहरा, दोन्ही सारखे.

"आणि शेठजी इतकी वर्षं तुमाले बोलत राहिले ते?"

"त्यायले हसाले काहीतरी लागते," ते म्हणाले. मग सायकलकडे गेले आणि परत फिरले. "एक राहिलं, भाऊ. टीपकागद."

"कोणता टीपकागद?"

"त्या दिवशीचा. माझ्या फळीवरचा वापरला तुम्ही. गाडीमागे एक कागद, हा नियम सगळ्यांले आहे."

मी म्हणालो, "मी एक तुकडा वापरला. चतकोर."

"नियम पुऱ्या कागदाचा आहे."

"पण तुकडा चतकोर होता. अर्धा घ्या."

"पुरा."

"पाऊण."

"पुरा, भाऊ."

माझ्या लक्षात आलं की हा माणूस भाव करतो आहे. अकरा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते जायच्या दिवशी, दुकानाच्या उंबऱ्यात, एका टीपकागदावरून. मला इतका आनंद झाला की मी आणखी थोडा वेळ पाऊण कागदावर अडून राहिलो. मग हरलो. धंद्यात पहिल्यांदाच पुरता समोरच्याच्या भावावर आलो आणि वाईट वाटलं नाही.

त्यांना थांबायला सांगून मी शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. बॉलपेन आल्यापासून टीपकागद ट्रकवालेच काय ते घ्यायचे, आणि आता मास्तर चालल्यावर तेही घेणार नव्हते. दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून एक दस्ता काढला, चोवीस कागदांचा. सुटा देणार नाही, परतही घेणार नाही म्हणाला. मी त्याच्याशी भाव केला नाही, हे कुणाला सांगू नका. परत येऊन तो अख्खा दस्ता मास्तरांच्या हातात ठेवला. म्हटलं, असू द्या, तिकडे खापरखेड्याला लागतील.

त्यांनी दोरा सोडला, एक कागद काढून नीट घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि बाकीचे मला परत दिले. "एकच होता," म्हणाले. सायकलवर टांग मारली आणि नाक्याच्या दिशेने निघून गेले. मागे वळून पाहणं त्यांच्या पद्धतीत नव्हतंच.

म्हणजे शेवटचा शब्दही त्यांचाच. ही माझी तक्रार. वाचणाऱ्याने आता तरी माझ्या बाजूने उभं राहावं.

राहता राहिले तेवीस कागद. परत घेणार नाही म्हणून दुकानदाराने सांगितलेलं. पैसे देऊन आणलेला माल फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मी कडुलिंबाखाली गेलो, गाडीचं बॉनेट उघडलं, पट्टी काढली आणि एका कागदाचे चार तुकडे करून पहिल्यावर थेंब पाडला. काळा दिसत होता. ओट्यावरच्या फळीवर चाळणी तशीच पालथी पडली होती. मास्तर ती विसरून गेले होते की ठेवून गेले होते, हे विचारायचं राहून गेलं. मी ती उचलली, कागदावर घातली आणि दुकानात जाऊन बसलो.